सातबारा घरी पाहण्याची रीत

सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. हल्ली तो मोबाइलवर दिसतो. परंतु दिसणारा प्रत्येक उतारा सारख्याच मोलाचा नव्हे, हे श्रीपूर भागातील बागायतदार बंधूंनी ध्यानी ठेवावे.

महाभूलेख संकेतस्थळावरील विनामूल्य उतारा केवळ माहितीपुरता होय. कचेरीत दाखल करावयाचा तो डिजिटल स्वाक्षरीचा. हा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यास १५ रुपये पडतात. त्यावरील १६ अंकी क्रमांक महाभूमी संकेतस्थळावर घालून कागदाचा खरेखोटेपणा तपासता येतो. जमीन खरेदी करू इच्छिणाऱ्याने विकणाऱ्याच्या कागदावर विसंबू नये. स्वतः पंधरा रुपये खर्चून ताजा उतारा काढावा.

पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा. पहिल्या तिरक्या रेघेपूर्वी त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा नसेल, तर ते स्थळ सरकारी समजू नये. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये.

उतारा हाती येताच नमुना सातमध्ये नाव, क्षेत्र व इतर हक्क, आणि नमुना बारामध्ये पीक पाहावे. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिलेला आम्ही दप्तरात पुष्कळदा पाहिला आहे; तो पुढे ऐन गरजेच्या वेळी आडवा येतो. लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करावा. वर्षातून दोनदा एवढी तपासणी करणाऱ्यास सहसा पश्चात्ताप करावा लागत नाही.