मोजणारा हात

(घरी मिळणाऱ्या साहित्यातून वस्तूचा आकार मोजणारा हात कसा तयार करता येतो, ते या पाठात सांगितले आहे. संगणकाला वस्तूचा आकार कसा कळतो आणि मोजमापात काटेकोरपणा का हवा, हेही या पाठातून समजते.)

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक छोटासा प्रयोग करा. डोळे मिटा आणि उजव्या हाताच्या बोटाने नाकाचे टोक शिवा. बोट बरोबर नाकावर गेले ना? डोळे तर मिटलेले होते. मग बोट कोठे आहे, हे तुम्हांला कसे कळले? खांदा, कोपर आणि मनगट किती वाकले आहे, याची खबर मेंदूला सतत मिळत असते. हाताच्या लांबीचा अंदाजही मेंदूला सवयीने असतो. या दोन गोष्टींवरून मेंदू बोटाची जागा ओळखतो.

याच युक्तीवर चालणारे एक यंत्र आहे. त्याला 'डिजिटायझर आर्म' म्हणतात. आपण त्याला 'मोजणारा हात' म्हणू या.

या हाताचा उपयोग काय? समजा, एका जुन्या यंत्रमागाचा वाकडा दांडा मोडला. तसा दांडा आता बाजारात मिळत नाही. नवा करून घ्यायचा, तर त्याचे अचूक चित्र हवे. सरळ बाजू पट्टीने मोजता येईल; पण वाक कसा मोजायचा? अंदाजाने केलेला दांडा बसला नाही, तर पैसे वाया जातात. माग बंद राहतो आणि मागावर काम करणाऱ्याची रोजीही बुडते.

अशी चित्रे आज संगणकावर काढतात. १९६३ साली अमेरिकेतील इव्हान सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाची कार्यप्रणाली सादर केली. तिच्या मदतीने संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढता येत असे. संगणकीय आरेखनाच्या वाटेवरचे ते एक मोठे पाऊल होते. पण संगणकाला दांड्याचा वाक दिसत नाही. त्याला आकडे लागतात. प्रत्येक बिंदू किती आडवा आणि किती उभा, हे त्याला सांगावे लागते. ते आकडे मोजणारा हात देतो.

आता हा हात तयार करू या. एक सपाट फळी, लाकडाच्या दोन पट्ट्या, दोन बोल्ट, काही नट व वॉशर, एक अणकुचीदार खिळा, आलेख कागद आणि दोन कोनमापक एवढे साहित्य पुरे. फळीवर आलेख कागद चिकटवा. कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बोल्टने पहिली पट्टी बसवा. हा झाला खांदा. पहिल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी पट्टी जोडा. हे झाले कोपर. दुसऱ्या पट्टीच्या टोकाला खिळा लावा. हे झाले बोट. खांद्यापासून कोपरापर्यंत बरोबर २० सें.मी. आणि कोपरापासून खिळ्याच्या टोकापर्यंतही बरोबर २० सें.मी. अंतर ठेवा. प्रत्येक बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळा. मग सांधा फिरेल, पण डगमगणार नाही.

खांद्याचा कोनमापक फळीवर चिकटवा. कोपराचा कोनमापक पूर्ण वर्तुळाचा घ्या व तो पहिल्या पट्टीवर चिकटवा. दोन्ही पट्ट्या एका सरळ रेषेत असतील, तेव्हा कोपराचा कोन शून्य धरा.

आता एक उदाहरण पाहू. खांद्याचा कोन ६०° आहे आणि कोपर उजवीकडे ६०° वळले आहे. म्हणजे दुसरी पट्टी कागदाच्या खालच्या कडेशी ६० − ६० = ०° चा कोन करते; ती अगदी आडवी आहे. पहिली पट्टी आपल्याला २० × कोसाइन ६० = १० सें.मी. आडवे आणि २० × साइन ६० = १७.३ सें.मी. उभे नेते. दुसरी पट्टी आणखी २० सें.मी. आडवे नेते. म्हणून खिळ्याची जागा ३० सें.मी. आडवी व १७.३ सें.मी. उभी.

या 'साइन' शब्दाची कथा मोठी गमतीची आहे. आर्यभटांच्या गणितात 'ज्या' हा शब्द येतो. अरब विद्वानांनी तो 'जीबा' असा घेतला. लिहिताना त्यातील स्वर गळाले आणि पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी. लॅटिन भाषेत याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द वापरला गेला आणि त्यापासून 'साइन' आला. तुमच्या उर्दूतील 'जेब'चे नातेही याच 'जैब'शी आहे.

आता मोडलेल्या दांड्याचे तुकडे जुळवून फळीवर ठेवा. त्याच्या कडेवर खिळा टेकवत जा आणि दोन्ही कोन वहीत लिहा. सरळ कडेवर थोडे बिंदू पुरतात. वाकावर ते जवळजवळ घ्या. सर्व जागा काढून बिंदू जोडले, की दांड्याची आकृती तयार होते.

प्रत्येक वेळी कोन वाचणे कंटाळवाणे वाटते ना? म्हणून सांध्यावर पोटेन्शिओमीटर बसवतात. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणारे बटण फिरवले, की आत हाच भाग फिरतो. तो फिरला, की विजेचा दाब बदलतो. छोटा मायक्रोकंट्रोलर तो दाब मोजून संगणकाला कळवतो. उंचीही मोजायची असेल, तर आणखी एक सांधा लागतो. कारखान्यांतील अशा हातांना बहुधा सहा किंवा सात सांधे असतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हात ४० सें.मी. लांब पसरला असताना खांद्याचा कोन फक्त १° चुकला, तर खिळ्याची जागा सुमारे ७ मि.मी. चुकते. खांद्याजवळची लहानशी चूक बोटापाशी मोठी होते. तेवढ्या चुकीने दांडा बसणार नाही.

म्हणून हात वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. मघाचाच बिंदू दुसऱ्या बाजूने गाठा. खांदा ०° वर ठेवा आणि कोपर डावीकडे ६०° वळवा. खिळा पुन्हा त्याच बिंदूवर आला पाहिजे. तो आला नाही, तर कोपराचे शून्य चुकले असेल किंवा सांधा सैल असेल. दोन्ही वेळा खिळा एकाच जागी आला, पण ती जागा आलेख कागदाच्या आकड्यांशी जुळली नाही, तर पट्ट्यांची लांबी आणि खांद्याचे शून्य तपासा.

मित्रांनो, संगणक फार वेगाने काम करतो. पण आपण दिलेला आकडा खरा की खोटा, हे तो विचारत नाही. चुकीच्या आकड्यांचीही तो सुंदर आकृती काढून देतो. चूक कळते ती दांडा यंत्रात बसवताना. म्हणून आकडा लिहिण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजा.

शब्दार्थ
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग
रोजी – रोजची कमाई
आरेखन – मोजमापांसह आकृती काढणे
अणकुचीदार – टोकदार
काटेकोरपणा – अचूकपणा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'स्केचपॅड' कोणी सादर केले?
(आ) पोटेन्शिओमीटर कोठे बसवतात?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डोळे मिटूनही बोट नाकावर का जाते?
(आ) मोजणाऱ्या हाताची परीक्षा कशी घ्यावी?
३. खांद्याचा कोन ३०° आहे आणि कोपर डावीकडे ६०° वळले आहे. खिळ्याची जागा काढा.
४. वाक्यात उपयोग करा : वाया जाणे, खबर मिळणे, परीक्षा घेणे.
५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाठातील चार शब्द शोधून लिहा.