फझ टेस्टिंग : प्रोग्रामला मुद्दाम वेडंवाकडं इनपुट देऊन बघूया

आपण प्रोग्राम तपासताना त्याला नेमकं तेच इनपुट देतो, जे आपल्या डोक्यात असतं. गुण विचारले की ७८ टाकायचे. प्रोग्राम चालला, आपण खूश! पण वापरणारा रिकामी ओळ देतो, गुणांच्या जागी नाव टाकतो. असं भलतंसलतं इनपुट संगणकाकडूनच हजारो वेळा तयार करून घ्यायचं आणि प्रोग्राम कुठे कोसळतो ते बघायचं, याला फझ टेस्टिंग म्हणतात.

हे नाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर यांनी दिलं. १९८८ मध्ये एका वादळी रात्री ते घरून टेलिफोन लाईनवरून विद्यापीठाच्या युनिक्स संगणकावर काम करत होते. लाईनच्या खरखरीमुळे मधेच नको ती अक्षरं घुसायची आणि रोजच्या वापरातले प्रोग्राम बंद पडायचे. मग त्यांनी विद्यार्थ्यांना हाच प्रकल्प दिला. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले : तपासलेल्यांपैकी २५ ते ३३ टक्के प्रोग्राम कोसळले होते!

आता आपण करूया. समजा, पायथॉनमध्ये तुमचं एक फंक्शन 'नाव,गुण' अशा ओळी वाचून सरासरी काढतं. 'मीना,७८' ही चांगली ओळ घ्या. रँडम मॉड्यूल वापरून तिच्यातलं एखादं अक्षर उडवा, बदला किंवा दुप्पट करा आणि फंक्शनला द्या. लूप दहा हजार वेळा फिरवा. (पायथॉनला देवनागरी अंकही चालतात बरं का!) स्वल्पविराम उडाला की इंडेक्स एरर येईल. एकही ओळ दिली नाही तर शून्याने भागाकार होईल. हे दोन्ही बग. मात्र गुणांच्या जागी अक्षर आल्यावर फंक्शनने स्पष्ट व्हॅल्यू एरर दिली, तर तो बग नाही. चुकीचं इनपुट नाकारणं हे त्याचं कामच आहे.

खरी गंमत 'मीना,७७८' मध्ये आहे. इथे काहीच कोसळत नाही, सरासरी मात्र चुकते. फझरला हे आपोआप कळत नाही. म्हणून सरासरी ० ते १०० मध्येच हवी, अशी अट असर्ट वापरून स्वतः लिहा.

सी भाषेसाठी एएफएल प्लस प्लस हे मोफत साधन आहे. कोणत्या इनपुटने कोडचा नवा भाग चालला ते बघून ते पुढचे बदल करतं, त्यामुळे नुसत्या रँडमपेक्षा खोलवर पोहोचतं. पण आधी पायथॉनच.

बग सापडला की ते इनपुट फाईलमध्ये जपून ठेवा. एकेक अक्षर कमी करत बघा, कोणत्या अक्षराने घोटाळा होतो ते लगेच दिसेल. दुरुस्तीनंतर तेच इनपुट पुन्हा चालवा.