बाटलीतली चूळ

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून पाहा. दात बुळबुळीत लागतात. पाण्याचा रांजण चार दिवस घासला नाही तर आतून असाच होतो. दातांवरच्या या थराला डॉक्टर प्लाक म्हणतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते एकमेकांना चिकटून दाताला धरून बसतात. आपण गोड खाल्ले की तेही खातात, आणि आंबट रस सोडतात. त्याने दात किडतो. हिरडीच्या कडेला थर साचला की हिरडी सुजते आणि घासताना रक्त येते. रक्त आले म्हणून पुष्कळ लोक घासणेच सोडून देतात. हे अगदी उलटे झाले!

डेन्मार्क देशात हॅरल्ड लो नावाच्या दंतवैद्याने याचा प्रयोग केला. तो 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या काही जणांनी मुद्दाम दात घासणे बंद केले. 10 ते 21 दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागले, तशा आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. पुढे 1970 साली लो यांनी दुसरा प्रयोग दाखवला. या वेळी लोकांनी घासणे सोडले, पण क्लोरहेक्झिडीन नावाच्या औषधाची चूळ दिवसातून दोनदा भरली. थर जवळजवळ धरलाच नाही.

मग ब्रश कशाला हवा? बाटलीच आणू की, असे कुणी म्हणेल. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंनी तेच केले होते. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, “गुरुजी, दात तं काळे पडले. हे औषध नकली हाय का जी?” औषध नकली नव्हते. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी ते दिले होते. चिठ्ठीवर ‘सात दिवस’ असे इंग्रजीत लिहिले होते. बाईंना तोंडी कुणी सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. हे औषध फार दिवस वापरले की दातांवर तपकिरी डाग पडतात. जिभेची चवही बिघडते, भाजी अळणी लागते. डाग दवाखान्यात घासून निघतात, बाईंचेही निघाले.

आणखी एक गोष्ट. चूळ वरवर फिरते. जुना थर लाळेतल्या चुन्याने दगडासारखा कडक होतो. त्याला आपण कीट म्हणतो. ती चुळीने निघत नाही, ब्रशनेही निघत नाही. ती डॉक्टरांनीच काढावी लागते. कीट काढली की दात हलतात, असे लोक म्हणतात. खरे म्हणजे दात आधीच ढिले झालेले असतात, कीट त्यांना नुसती टेकू देत असते.

रोज बाटली वापरावी का, यावर दाताच्या डॉक्टरांचेही एकमत नसते. कुणी आल्या-गेल्याला लिहून देतो. कुणी म्हणतो, जबडा तारेने बांधला आहे, हिरडीची शस्त्रक्रिया झाली आहे, हात चालत नाही, अशांनाच द्या. आम्हाला दुसरे म्हणणे पटते. दुकानात सुगंधी बाटल्याही मिळतात. त्यांतल्या काहींनी थर थोडा कमी होतो, पण घासण्याच्या जोडीला. घासण्याच्या जागी नव्हे.

डॉक्टरांनी बाटली दिली, तर किती दिवस ते तिथेच विचारून घ्या. बाटलीवर 0.2 असा आकडा असेल, तर हजार भागांत दोन भाग औषध आहे असे समजा. एका वेळी साधारण 10 मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे घेतात. तोंडात खळखळवून थुंकायचे, गिळायचे नाही. लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका. पेस्टने घासल्यावर लगेच ही चूळ भरू नका. पेस्टच्या फेसाने औषधाचा जोर मरतो. अर्धा तास थांबा. चूळ भरल्यावर लगेच चहाही नको, डाग वाढतात.

आता खर्रा खाणाऱ्यांसाठी. आपल्या नागपुरात पानठेल्यावर तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून देतात, ते सांगायला नकोच. तोंडाचा वास जावा म्हणून यातले पुष्कळ लोक बाटली आणतात. वास दोन घटका जातो. पण सुपारीने गालाची आतली कातडी आखडत जाते, आणि तोंड उघडेनासे होते. पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. यावर कोणत्याही चुळीचा इलाज नाही. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. तीन बोटे गेली नाहीत, तिखट झोंबू लागले, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर थांबू नका. मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हे महाविद्यालय 1968 साली निघाले. तिथे दाखवा. जाताना घरची बाटली पिशवीत टाका, म्हणजे काय आणि किती दिवस वापरले ते डॉक्टरांना कळेल.