वडी धरते ती साखरेमुळे

परीक्षा संपल्या की पुण्यातल्या घराघरांत मुलं स्वयंपाकघराचा ताबा घेतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या यादीत एका पदार्थाची भर पडली आहे: मार्शमेलो बार. लोण्यात मार्शमेलो वितळवायचे, त्यात तांदळाचं कुरकुरीत सीरियल घालून ढवळायचं, ताटात थापायचं आणि गार झालं की तुकडे करायचे. अर्ध्या तासात खाऊ तयार. मग पालक मला विचारतात, "डॉक्टर, यात मैदा नाही, तळण नाही, ओव्हन नाही. म्हणजे बिस्किटांपेक्षा बरंच ना? डब्यात रोज दिलं तर चालेल?"

उत्तर असं: करा, मुलांनाच करू द्या, पण रोज डब्यात देऊ नका. मार्शमेलोऐवजी गूळ, मध किंवा खजूर वापरलात तरी हेच उत्तर. कारण कुठल्याही वडीत दोन भाग असतात, एक धान्याचा आणि दुसरा ते धान्य बांधून ठेवणाऱ्या गोडाचा. पाकिटावर चित्र छापतात धान्याचं, वडी धरते मात्र साखरेमुळे. तेव्हा पाहायचं ते या बांधणाऱ्या गोडाकडे.

पदार्थ तिकडचा, रीत आपलीच

हे बार १९३९ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक गावच्या केलॉग कंपनीत तयार झाले. कंपनीच्या गृहविज्ञान विभागातल्या मिल्ड्रेड डे आणि त्यांच्या सहकारी मलिट्टा जेन्सन यांनी ते मुलींच्या 'कॅम्प फायर गर्ल्स' या संघटनेच्या निधीसाठी विकायला म्हणून बनवले. म्हणजे जन्मापासून हा विकायचा खाऊ आहे, न्याहारी नव्हे. याच गावात डॉ. जॉन केलॉग यांचं आरोग्यधाम होतं आणि त्यांचा साखरेला सक्त विरोध होता. धाकटे भाऊ विल यांनी १९०६ मध्ये वेगळी कंपनी काढली. धान्याच्या पोह्यांत साखर घालण्यावरून दोघा भावांचं बिनसलं ते बिनसलंच. बाजारात कोण जिंकलं हे आपण पाहतोच, पण डॉक्टर भावाची शंका अगदीच खोटी नव्हती.

आपल्याकडचा चुरमुऱ्याचा लाडू, उपासाची राजगिऱ्याची वडी, लोणावळ्याची चिक्की हे सगळे याच जातीचे पदार्थ. धान्य आधीच फुलवलेलं किंवा भाजलेलं असतं, पाक गरम असतो, भट्टी लागत नाही. त्यामुळे 'परदेशी ते वाईट, आपलं ते औषधी' असा निकाल देण्याआधी जरा हिशोब करू.

साखरेचा हिशोब

प्रचलित कृतीत सुमारे २८० ग्रॅम मार्शमेलो, तीन टेबलस्पून लोणी आणि सहा कप सीरियल असतं. मार्शमेलो म्हणजे साखर, मक्याचं सिरप, जिलेटीन आणि हवा. एवढ्या मार्शमेलोत साधारण १७० ग्रॅम साखर जाते. ताटाचे बारा तुकडे केले तर प्रत्येकात १४ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर.

आता चुरमुऱ्याचे लाडू घ्या. २०० ग्रॅम गुळात १६ लाडू वळले असं धरू. गुळात ८० टक्क्यांहून जास्त साखरच असते, म्हणजे एका लाडवात झाली सुमारे १० ग्रॅम. एका वेळी एकच लाडू खाऊन उठणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण तेवढ्याशा गुळातून मिळणारं लोह पंडुरोग बरा करण्याइतकं नसतं, आणि रक्तातली साखर गुळानंही साखरेसारखीच चढते. मध आणि खजुराच्या पाकाचीही गत तीच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेल्या साखरेतून, म्हणजे साखर, गूळ, मध, सिरप आणि फळांच्या रसातून, दिवसाच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांहून कमी कॅलरी याव्यात, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. सात-आठ वर्षांच्या मुलाची गरज १६०० कॅलरी धरली तर या मर्यादा ४० आणि २० ग्रॅम होतात. सकाळच्या दुधातली साखर, जॅम लावलेली पोळी आणि डब्यातला एक बार यांतच २० ग्रॅम उलटून जातात. शाळांनीही हे मनावर घ्यायला सुरुवात केली आहे. २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेचं प्रमाण समजावणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. घरातल्या फ्रिजवर असा एक कागद लावायला कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही.

"पण आमचा मुलगा तर काडी आहे"

हे वाक्य मला फार ऐकू येतं, आणि त्याला उत्तर पुण्यातूनच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांनी या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिकडच्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो, आपल्याकडच्यांचं २.७. वजनात एवढा फरक. स्नायू आणि पोटातले अवयवही त्याच प्रमाणात लहान. त्वचेखालची चरबी मात्र आपल्या बाळांनी त्या मानानं राखून ठेवलेली होती. बाहेरून बारीक, आतून चरबीचं प्रमाण जास्त, अशी ही आपली ठेवण. मधुमेह आपल्याकडे कमी वजनात आणि कमी वयात का गाठतो, याचा एक धागा इथं सापडतो.

देशभरातल्या आयसीएमआर-इंडिऍब पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज १० कोटींहून अधिक मधुमेहींचा आहे. म्हणून मूल बारीक आहे एवढ्यावरून त्याला हवं तेवढं गोड द्यायची मुभा मिळत नाही. बारीक मुलाला वजनासाठी गोड नको. दाणे, डाळी, दूध, अंडं आणि वेळेवरचं जेवण हवं.

घरी करायचीच तर अशी करा

बांधायला गोड लागणारच. तेव्हा त्याचं प्रमाण वडी जेमतेम धरेल इतकंच ठेवा, धान्याच्या जोडीला डाळ आणि तेलबिया आणा आणि तुकडा लहान कापा. मी सुचवतो ते प्रमाण असं:

- राजगिऱ्याच्या लाह्या ७५ ग्रॅम
- भाजून सोललेले शेंगदाणे ७५ ग्रॅम, भरड कुटून
- भाजलेलं डाळं ५० ग्रॅम, भरड
- भाजलेले तीळ २५ ग्रॅम
- गूळ १५० ग्रॅम, तूप एक टेबलस्पून, पाणी दोन टेबलस्पून

गूळ, तूप आणि पाणी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की त्याची गोळी व्हायला हवी. मग गॅस बंद करून बाकीचं सगळं भराभर मिसळा, तूप लावलेल्या ताटात थापा, वाटीच्या बुडानं घट्ट दाबा आणि कोमट असतानाच वीस वड्या कापा. एका वडीत साखर साधारण ६ ग्रॅम आणि प्रथिनं सुमारे २ ग्रॅम येतात. वडी थोडी भुसभुशीत झाली तर गूळ वाढवू नका. तो भुगा दह्यावर किंवा दुधात घालून खाता येतो.

मार्शमेलोचेच बार करायचे असतील तर मार्शमेलो निम्मे करा, त्यात दाण्याचं कूट घाला आणि बाराऐवजी चोवीस तुकडे पाडा. पाकिटावरची खूण पाहायला विसरू नका. बहुतेक मार्शमेलोतलं जिलेटीन जनावरांच्या हाडांपासून किंवा कातड्यापासून काढलेलं असतं; शाकाहारी घरांनी हिरवी खूण असलेलंच पाकीट घ्यावं.

पाकाचं आणि गरम पाकात मिसळण्याचं काम मोठ्यांनीच करावं. दाबणं, कापणं मुलांकडे द्या, तेही ताट हाताळण्याइतकं निवल्यावर. पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे भाजतो खोलवर. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. चिकटलेला पाक ओढून काढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही लावू नका. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांध्यावर भाजलं असेल, मोठा फोड आला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कोणी जपायचं?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीच देऊ नका. मध तर चाटवूसुद्धा नका. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून या वयात बॉट्युलिझम हा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत साखर-गूळ टाळलेलाच बरा.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना मार्शमेलो, चिक्की किंवा अख्खे दाणे नकोत. मार्शमेलो मऊ म्हणून निर्धोक वाटतो, पण तो ओला झाला की फुगून चिकट होतो आणि श्वासनलिकेच्या तोंडावर बरोबर बसतो. या वयात लाह्यांचं पीठ दुधात कालवून द्या.

मधुमेहींनी 'गुळाची आहे' म्हणून वडी खाऊ नये. खायचीच असेल तर जेवणानंतर एक, आणि त्या दिवशी भाताचा एक डाव कमी. 'शुगर फ्री' बारमध्ये बऱ्याचदा माल्टिटॉलसारखी गोडी असते. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. आणखी एक गोष्ट. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारे काहीजण साखर कमी झाली तर उपयोगी म्हणून पर्समध्ये चिक्की ठेवतात. पण दाण्यांतल्या तेलामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास, म्हणजे सिलिॲक आजार असणाऱ्यांनी तांदळाच्या सीरियलचं पाकीटही वाचावं. काहींत चवीसाठी जवाचा माल्ट असतो. वाढदिवसाला वर्गात वड्या वाटायच्या असतील तर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे बाईंना आधी विचारा.

रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनाही एक सांगणं. घरून नाश्ता करून निघाला असाल तर तेवढ्या चढाला 'एनर्जी बार' लागत नाही, पाणी लागतं. राजगड ते तोरणा असा दिवसभराचा पल्ला असेल तर मात्र दाण्या-गुळाची वडी खिशात हवीच. तिथं ती साखर पायच वापरून टाकतात.

दात आणि वेळ

दातांचं नुकसान किती खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं यावरही ठरतं. चिकट गोड दातांच्या खाचांत बसतं आणि तोंडातले जंतू त्यापासून आम्ल तयार करत राहतात. तेव्हा वडी जेवणाबरोबरच द्या, संध्याकाळभर येता-जाता नको. नंतर पाण्यानं खळखळून चूळ, आणि झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या पेस्टनं दात घासणं. दात घासून झाल्यावर गोड काही नाही, हा नियम आजोबांनाही लागू.

घशात अडकलं तर

मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो. आवाज फुटत नसेल, श्वास येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर थांबू नका. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहातानं पाच जोरदार थापा मारा. तरी निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. तुकडा बाहेर येईपर्यंत आलटून पालटून हेच करा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला डोकं खाली करून हातावर पालथं धरा आणि पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच दाब. बाळाचं पोट दाबायचं नाही. तोवर दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा. मूल बेशुद्ध झालं तर सीपीआर सुरू करा.

ठसका जाऊन मूल खेळायला लागलं तरी एवढ्यावर सोडू नका. पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत खोकला थांबत नसेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, एकाच बाजूचा न्यूमोनिया बरा होत नसेल, तर डॉक्टरांना 'खाताना ठसका लागला होता' हे आवर्जून सांगा. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी दाणा फुप्फुसाच्या नळीत अडकलेला असू शकतो. तो दुर्बिणीनं काढावा लागतो, आणि तो तिथं असेल हा संशय बहुतेक वेळा आईवडिलांच्या त्या एका वाक्यामुळेच येतो.