परिपथाची आकृती आणि सॉफ्टवेअरची निवड

चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्याचे प्रमुख उद्योगकेंद्र बनले आहे. तेथील विद्यापीठ परिसरात राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्रही आहे. अशा शहरातील तंत्रशाळांपुढे एक साधा दिसणारा प्रश्न नेहमी उभा राहतो: इलेक्ट्रॉनिक परिपथाची आकृती काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

प्रथम गरज निश्चित करावयास हवी. गावाच्या पाण्याची टाकी भरताच पंप बंद करणाऱ्या परिपथाचे उदाहरण घेऊ. त्याची आकृती केवळ पाठात छापावयाची असेल, तर चित्रे काढण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर पुरेसे होते. परंतु असे सॉफ्टवेअर फक्त रेषा जाणते. दोन रेषा जोडलेल्या आहेत की नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत, हे त्याला कळत नाही. परिपथासाठीच तयार केलेले सॉफ्टवेअर प्रत्येक घटक व त्याची जोडणी यांची नोंद ठेवते. त्यामुळे सुटलेली जोडणी ते दाखवून देते आणि त्याच नोंदीवरून छापील फलकाचा, म्हणजे पीसीबीचा, आराखडा करता येतो.

दुसरी कसोटी परवान्याची. विनापरवाना प्रत वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग होय. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थेने तर याबाबत विशेष दक्ष असावे.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची; आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. १९८८ साली जर्मनीत निघालेले ‘ईगल’ हे सॉफ्टवेअर जगभर लोकप्रिय झाले. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीने घेतले आणि ७ जून २०२६ पासून ते बंद करण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. सॉफ्टवेअर एका कंपनीच्या हाती असले, की वर्षानुवर्षांच्या आकृत्यांचे भवितव्यही तिच्याच निर्णयावर अवलंबून राहते.

या दृष्टीने ‘कायकॅड’चा विचार करण्याजोगा आहे. फ्रान्समधील जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये त्याचा आरंभ केला. ते मुक्त व विनामूल्य असून ईगलच्या आकृत्याही उघडू शकते. त्याच्या फायली साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्याने त्यांतील माहिती कुलूपबंद राहत नाही. परिपथ जोडण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर अजमावण्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने कायकॅड व ‘एनजीस्पाइस’ यांच्या आधारे ‘ईसिम’ विकसित केले आहे. तेही विनामूल्य आहे.

महागडी सॉफ्टवेअर निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. ज्या कारखान्यात विद्यार्थी उद्या जाणार, तेथील सॉफ्टवेअरची ओळख त्याला अवश्य असावी. मात्र संस्थेचे स्वतःचे संग्रहण मुक्त स्वरूपात ठेवावे आणि प्रत्येक आकृतीची पीडीएफ व कागदी प्रत जपावी. दहा वर्षांनी पंपाचा परिपथ बिघडला, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती ती आकृती पडली पाहिजे. निवडीची खरी परीक्षा तेव्हाच होईल.