उधेवाडीची शांतता आणि पाहुण्यांचा हिशेब

सूर्य मावळतो तिकडचा मुलूख तो मावळ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अर्थ सोपा आहे आणि कानाला गोडही लागतो. परंतु कार्ल्याच्या लेण्यातील एका सातवाहनकालीन आज्ञापत्रात 'मामाल' येथील अमात्याला उद्देशून हुकूम कोरलेला आहे, आणि हे मामाल म्हणजेच आजचे मावळ असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर हे नाव जवळजवळ एकोणीसशे वर्षे जुने ठरते आणि मावळत्या सूर्याची व्युत्पत्ती थोडी बाजूला ठेवावी लागते. तो वाद भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खुशाल घालावा. मला त्या लेखाचे महत्त्व वाटते ते वेगळ्याच कारणासाठी. तो हुकूम एका गावाविषयी आहे, आणि ते गाव पाहुण्यांना जेवू घालण्यासाठी तोडून दिलेले आहे.

हकीकत अशी. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाकरिता करजिक नावाचे गाव दान दिले. भिक्षू कुठलेही असोत, चारी दिशांनी आलेले असोत, सर्वांसाठी. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला, राज्य बदलले, आणि नव्या राजाने बहुधा तेच गाव पुन्हा भिक्षूंच्या नावे लावून दिले. दोन राजवंश एकमेकांचे वैरी होते, पण पाहुण्यांचे पोट कोणी भरायचे याविषयी त्यांचे एकमत दिसते! याच चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरलेली आहेत, दर्शनी भागावर वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. तिकडे बेडशाला नाशिकच्या एका श्रेष्ठीच्या मुलाचे नाव सापडते. दूरदूरच्या माणसांची नावे दगडात राहिली. करजिकच्या एकाही कुणब्याचे नाव राहिले नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे. त्यात फिरस्त्यांचे सविस्तर वर्णन आहे. गावाच्या पिकावर कोण कोण येऊन जगतो आणि कुणब्याच्या खळ्यावरून काय काय उचलले जाते, याची मांडणी आत्र्यांनी केली आहे. भटक्या जमातींविषयीची त्यांची काही मते आज पटण्यासारखी नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु बाहेरून येणारा माणूस गावाला केवढ्याला पडतो, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तोच प्रश्न बरोबर घेऊन आम्ही चार विद्यार्थी राजमाचीच्या उधेवाडीला दोनदा जाऊन राहिलो : एकदा नोव्हेंबरात आडवारी आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस शनिवारी. आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी निघताना एकच सूचना दिली होती. पहिल्या दिवशी प्रश्न विचारायचे नाहीत.

लोणावळा स्टेशनापासून तुंगार्लीमार्गे राजमाची सुमारे १५-१६ किलोमीटर आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर, खाली माचीवर मूठभर घरांची उधेवाडी, आणि जरा पलीकडे उदयसागर तलाव व त्याच्याकाठचे शंकराचे जुने देऊळ. पश्चिमेला उभा कडा तुटलेला असून पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'मुळे हे ठिकाण मराठी वाचकाच्या मनात कायमचे बसले आहे. मुंबई सोडून माचीवर एकटा राहायला आलेला तो बुधा शोधीत पुष्कळ लोक येथे येतात. गडाचा इतिहास इतरत्र भरपूर मिळतो, म्हणून तो येथे देत नाही.

एक गोष्ट मात्र इतिहासाचीच सांगितली पाहिजे. राजमाची पूर्वी वाटेवरचे ठाणे होते. कोकणातून देशावर येणाऱ्या बोरघाटाच्या वाहतुकीवर येथून नजर ठेवता येई. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये लोहमार्ग झाला, आणि सगळी ये-जा खंडाळा-लोणावळ्याकडे वळली. लोणावळा वाढले, उधेवाडी बाजूला पडली. आज आपण जिला निसर्गाची शांतता म्हणतो ती अशी घडून आलेली आहे. रस्ता दुसरीकडून गेला म्हणून गाव शांत झाले.

आम्ही नोव्हेंबरात पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. अंगणे सारवलेली, दारे उघडी, एका ओट्यावर मांजर, आणि माणूस दिसेना. अखेर एक आजी बाहेर आल्या. प्रश्न विचारायचे नाहीत हे आम्ही ठरविले होते, पण त्यांनी तसे काही ठरविले नव्हते! "कुठलं गाव पोरांनो तुमचं?" हा पहिला प्रश्न. नाव नंतर, जात त्याहूनही नंतर आणि आडून. गावाचे नाव सांगितल्यावर तिथल्या कोणाची सोयरीक कुठे आहे याची उजळणी झाली आणि आमच्यापैकी एकाच्या मामाचे गाव त्यांच्या माहितीतले निघाले. तेवढ्याने आम्ही आत बसण्याच्या लायकीचे ठरलो. प्रवासी गाव पाहायला जातो असे आपण म्हणतो, पण तपासणी आधी प्रवाशाची होते.

आमच्यातला एकजण सहज म्हणाला, "आजी, गाव किती शांत आहे!" त्या हसल्या. "शांत? समदी रानात हायती बाबा. सांजच्याला बघ." आणि खरेच, दिवेलागणीला डोक्यावर भाऱ्या घेऊन माणसे परतली, गुरे आली, पोरे ओरडू लागली, कोणाच्या तरी खळ्यावर भात झोडपण्याचा आवाज सुरू झाला तो रात्री जेवणापर्यंत. सकाळची शांतता ही कामाची शांतता होती. भातशेतीचे वर्षच असे आहे. उन्हाळ्यात खाचरात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाबरोबर रोप टाकायचे, आषाढात चिखलणी करून लावणी, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. उतारावर नाचणी आणि वरई. मावळात आता जिकडेतिकडे जो इंद्रायणी तांदूळ दिसतो, तो वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला. आपण कार्ल्याच्या नाक्यावर त्याची पोती पाहतो, त्यामागची वाकलेली पाठ पाहायची तर लावणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर उभे राहावे लागते.

शांततेचा दुसरा एक भाग मात्र संध्याकाळीही भरून आला नाही. खळ्यावरच्या माणसांत विशी-तिशीतले हात थोडे होते. कोणी मुंबईला, कोणी पिंपरी-चिंचवडला, कोणी तळेगावच्या कारखान्यांत. गणपतीला, शिमग्याला आणि लावणीला येतात. असे इतरत्रही घडलेले आहे. बाल्कन प्रदेशातील खेड्यांविषयी प्रवासी लोक मोठ्या आवडीने लिहितात : दगडी घरे, द्राक्षाचा मांडव, बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या, आणि कमालीची शांतता. त्या बल्गेरियाची लोकसंख्या १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ९० लाख होती. २०२१च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाख भरली. जन्म कमी झाले आणि तरुण माणसे परदेशी गेली. बाकावर दोन म्हाताऱ्याच का बसल्या आहेत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. उधेवाडीची स्थिती तितकी गेलेली नाही. आमची मुले शनिवारच्या लोकलने परत येऊ शकतात, हा मावळाच्या भूगोलाचा उपकारच म्हणायचा.

आणि ती परत येऊ लागली आहेत ती पाहुण्यांमुळे, हेही नमूद केले पाहिजे. मे अखेरच्या त्या शनिवारी आम्ही पाहिले ते गाव पहिल्या भेटीतल्या गावाहून इतके निराळे होते, की वाट चुकलो की काय असे वाटावे. काजव्यांचे दिवस. वळवाच्या सरी पडून गेल्या की पावसाळ्याच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात आणि ती पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. प्रत्येक ओट्यावर पंगत, प्रत्येक चुलीवर पिठले आणि भाकऱ्या. कारखान्यात काम करणारा मुलगा रजा टाकून आलेला, गाड्या लावून देण्यात गुंतलेला. त्या दोन-तीन आठवड्यांचा पैसा घरात वर्षभर कुठे कुठे लागतो ते आम्हाला घरच्या माणसांनीच सांगितले : शाळेची फी, घरावरचा पत्रा, दवाखाना. तेव्हा 'पर्यटनाने खेडी बिघडली' असे शहरात बसून म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

परंतु काजव्यांचे काय? तो प्रकाश म्हणजे नर आणि मादी यांचे बोलणे असते. नर उडत वा झाडावर बसून ठरावीक तालात लुकलुकतो, मादी उत्तर देते, आणि मीलन घडते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे असते. त्यात मोटारीचे झोत, हातातल्या बॅटऱ्या आणि भ्रमणध्वनीचे दिवे पडले तर त्या दोघांना एकमेकांचे दिसत नाही. त्या रात्री एका झाडाखाली पन्नासएक माणसे उभी होती. त्यांतल्या निम्म्यांनी झाडावर उजेड पाडून 'कुठे आहेत काजवे?' असे विचारले. गावातला एक शाळकरी पोरगा पुढे होऊन म्हणाला, "काका, दिवा मालवा, मंग दिसत्याल." मला वाटते, त्या रात्रीचे सर्वांत चांगले व्याख्यान तेच.

गर्दीचा प्रश्न काजव्यांपुरता नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाचजण लोंढ्यात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पाहायला आलेल्या लोकांच्या भाराने कोसळून चौघे मृत्यू पावले. तो साकव गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आपला लोहगड आहे. अभिमानाची गोष्ट खरीच. पायथ्याच्या लोहगडवाडीच्या रस्त्याला, पाण्याला आणि उकिरड्याला हा मान कसा पेलणार, याचाही विचार त्या अभिमानाबरोबर व्हायला हवा.

पाण्याचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण मावळात पाहुण्यांचा खरा हिशेब पाण्याचा आहे. कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी भीमेला मिळून शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते, तर राजमाचीच्या दरीतील उल्हास वसईच्या खाडीकडे धावते. एकाच डोंगररांगेवरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. या वाटणीत १९१५ साली माणसाने हात घातला. टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवता येथे धरणे बांधली आणि पूर्वेकडे जाणारे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहावर सोडले. त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे पवनेवर धरण झाले. त्यातल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळत राहिला, आणि पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांत गेले. ते बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि त्यात तीन शेतकरी प्राणाला मुकले. आज त्याच पवनेच्या काठी तंबू ठोकून शहरातली माणसे शनिवार-रविवारची शांतता विकत घेतात. ज्यांना शांतता फारच आवडते ते जमीनच विकत घेतात, भोवती भिंत घालतात, आणि गुरांची वाट बंद होते.

उधेवाडीच्या त्या मे महिन्यात आम्ही जिथे जेवलो त्या घरच्या मावशींच्या खेपा पहाटेपासून चालू होत्या. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. ताटाचे पैसे त्यांनी कसे ठरविले ते आम्ही टिपून घेतले. पीठ, बेसन, तेल, कांदा, लोणावळ्याहून सामान आणायचे भाडे, सरपण. सरपणाचे त्यांनी फारच कमी धरले होते. पाण्याचे काहीच धरले नव्हते. हात धुवायला, प्यायला, भांडी घासायला, आणि सकाळी आमच्यासारख्या दांडग्या मुलांच्या आंघोळीला लागणारे पाणी त्या हिशेबात नव्हते. मी म्हटले, "मावशी, पाण्याचं का नाही लावलं?" त्या थाळा पुशीत म्हणाल्या, "पाण्याचं पैसं कुणी घेतं व्हय, दादा?"

आमच्या वहीत तो रकाना रिकामाच आहे. येत्या उन्हाळ्यात पुन्हा जाऊ तेव्हा एका शनिवारच्या खेपा आणि एका बुधवारच्या खेपा वेगवेगळ्या मोजायच्या, असे आम्ही ठरविले आहे. दोघेजण मोजणीला बसतील आणि उरलेले दोघे कळश्या उचलतील. कोणते दोघे, यावर अजून एकमत व्हायचे आहे.