‘यमुनापर्यटन’ : एक टिपण

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण त्याचे नाव परीक्षेपुरते पाठ करतो. विधवाविवाहाचा कायदा त्याआधी एकच वर्ष, १८५६ मध्ये झाला होता. यमुना पतीसह प्रवास करते, वाटेत विधवांच्या हालअपेष्टा पाहते आणि पुढे तिलाच वैधव्य येते. ख्रिस्ती झालेल्या लेखकाने तिचा पुनर्विवाह घडवून आणला. यात धर्मप्रचार आहे, हे खरेच. पण तेवढ्यावरून पुस्तक बाजूला सारता येईल काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवाप्रथाबंदीचा ठराव २०२२ साली करावा लागला. नाहूरला आमच्या शेजारच्या काकू हळदीकुंकवाच्या दिवशी दार लोटून घेतात. यंदा त्यांना बोलवायचेच, असे मी आईला सांगितले आहे.